मालूताईंचा क्लेम

दिल्लीत साहेबांच्या बंगल्यासमोर एक पांढरी गाडी थांबली आणि तिच्यातून माझे वडील उतरले. क्षणभर मला वाटलं, त्यांच्यासारखं दिसणारं दुसरंच कुणीतरी असेल. आण्णा गडहिंग्लज सोडून फार तर कोल्हापूरपर्यंत जायचे, आणि तेही रात्रीच्या जेवणाला घरी परत येण्याच्या बोलीवर.

"आण्णा, तुम्ही? कळवायचं तरी!"

"कळवलं असतं तर तू नको म्हणाला असतास," ते हसत म्हणाले. "विमानानं आलो, दिगू. खिडकीशी बसवलं होतं मला. हे घे, संकेश्वरी मिरचीचं तिखट. आईनं दिलंय. विमानतळावर तपासणीच्या पोरीनं हुंगून बघितलं आणि शिंकत बसली बिचारी."

गाडीच्या दुसऱ्या दारातून रेवती कारखानीस उतरल्या आणि माझं हसू तिथंच थांबलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा आमच्याकडचे खासदार श्रीपतराव भिंताडे यांचा स्वीय सहाय्यक होतो. टपाल बघायचं, भाषणं लिहायची, गावाकडून आलेल्यांची सोय लावायची आणि साहेब कुणाला काय कबूल करून बसले आहेत ते लक्षात ठेवायचं, हे माझं काम. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांना कुणाचं मन मोडवत नसे, एवढीच खोड. सकाळी एकाला होकार द्यायचे, दुपारी त्याच्या विरोधकाला. मग दोघांची समजूत काढायला दिगंबर तोडकर होताच.

रेवतीताई विमा कंपन्यांच्या संघटनेचं दिल्लीतलं काम बघत. विम्याविषयी कायदा यायचा असला, नियम बदलायचा असला, की त्याची चाहूल त्यांना आधी लागे. मग त्या खासदारांना भेटत, अधिकाऱ्यांना भेटत, कागद देत, मुद्दे लिहून देत. मूळच्या मिरजेच्या. कधी आवाज चढवला नाही, कधी भेटवस्तूचं खोकं आणलं नाही. साहेबांची दोन-तीन भाषणं त्यांच्याच मुद्द्यांवर झाली होती, आणि खोटं कशाला बोलू, मी लिहिलेल्यांपेक्षा ती बरी झाली होती.

त्या अधिवेशनात विम्याच्या कायद्यात बदल करणारं विधेयक लोकसभेत आलं होतं आणि साहेबांनी त्याला एक दुरुस्ती सुचवली होती. मसुदा माझा. मजकूर साधा होता: पॉलिसी देताना कंपनीने आपल्या डॉक्टरकडून माणसाची तपासणी केली नसेल, तर तो मेल्यावर त्याचं जुनं दुखणं उकरून काढून पैसे नाकारता येणार नाहीत. साहेबांचा पक्ष सरकारला टेकू देणारा. मंत्र्यांनी खाजगीत सांगितलं होतं की भिंताडे हट्टाला पेटले आणि मतदान मागून बसले, तर आम्ही ती दुरुस्ती मान्य करू, मित्रपक्षाशी सभागृहात भांडण नको. म्हणजे सगळं एका गोष्टीवर होतं. अध्यक्षांनी नाव पुकारल्यावर साहेबांनी उठून "मांडतो" म्हणायला हवं होतं.

दुरुस्तीची सूचना दिल्यापासून रेवतीताई तिच्याविरुद्ध अवाक्षर बोलल्या नव्हत्या. मी भोळा, मला वाटलं, बाईंनी हात टेकले.

"काकांना साहेबांना भेटायचंय," त्या म्हणाल्या. "मी बाहेर व्हरांड्यात बसते. माझं आत काही काम नाही."

"मालूचं काम झालं, दिगू," आण्णा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आपल्या मालूचा क्लेम मंजूर झाला."

आता मालूताईंविषयी सांगायला हवं. आण्णा विम्याचे एजंट. सगळा तालुका त्यांना 'विम्याचे आण्णा' म्हणायचा. आमच्या मागच्या गल्लीतला बाळकू नाईक दुधाचा टँकर चालवायचा. त्याची पॉलिसी आण्णांनीच काढली. फॉर्म भरताना त्यांनी विचारलं, "काही आजार बिजार?" बाळकू दंड दाखवून म्हणाला, "मला काय धाड भरलीया?" आण्णांनी रकान्यात 'नाही' लिहिलं. बाळकू बी.पी.ची गोळी घ्यायचा हे आण्णांना ठाऊक होतं, बाळकूला ठाऊक होतं, औषधाच्या दुकानदाराला ठाऊक होतं. पण आमच्याकडे बी.पी.ला आजार कोण म्हणतो? आजार म्हणजे माणूस अंथरुणाला खिळतो तो. त्या रकान्यासमोर बसून खोटं बोलायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

वर्ष सरलं आणि बाळकू टँकरच्या स्टेअरिंगवरच गेला. कंपनीने गोळ्यांची चिठ्ठी शोधून काढली आणि आजार लपवला म्हणून मालूताईंचा क्लेम फेटाळला. पदरी दोन मुली, घर भाड्याचं. आण्णा कंपनीच्या शाखेत, विभागीय ऑफिसात, तक्रार निवारणाच्या माणसाकडे खेटे घालून थकले. शेवटी साहेबांच्या दौऱ्यात गाठून त्यांनी सगळं सांगितलं, आणि साहेबांना ते खरोखर लागलं. त्यांनी लोकसभेत मालूताईंचं नाव घेऊन भाषण केलं. दुरुस्ती त्यातूनच निघाली.

भाषण आम्ही ऐकलं, मंत्र्यांनी ऐकलं, तसं रेवतीताईंनीही ऐकलं. आम्ही मंत्रालयाच्या वाऱ्या करत होतो, तेव्हा ही बाई आमच्या गावात जाऊन आमच्याच घराच्या सोप्यात चहा पिऊन आली होती.

साहेब आतल्या खोलीत पेपर वाचत होते. आण्णांनी त्यांना हकीकत सांगितली. कंपनीचा मोठा अधिकारी घरी आला, चूक झाली म्हणाला, खास बाब म्हणून पैसे देतो म्हणाला.

साहेबांचा चेहरा असा उजळला की मला त्यांचा रागच आला. कालपासून मंत्र्यांकडून, पक्षाकडून फोन चालले होते, उगाच ताणू नका म्हणून. आता त्यांना सुटायला वाट दिसली होती.

"वा, वसंतराव, वा! म्हणजे आपल्या भाषणाचा उपयोग झाला म्हणायचा."

"तुमच्यामुळंच झालं, साहेब."

"साहेब," मी म्हणालो, "एकीचं झालं. दुरुस्ती सगळ्यांसाठी आहे. उद्या दुपारी विधेयक मतदानाला येतंय."

"येऊ दे की. पण दिगंबर, मी उभा राहून कुणाचं नाव घेऊ? मालूताईंचं घेतलं, तर मंत्री म्हणणार, तिला तर पैसे मिळाले. माझं हसं होणार." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ते आण्णांकडे वळले. "असं करू. हा विषय तुमचा आहे, वसंतराव. तुम्हीच आणलात. तुम्ही मांडा म्हणालात तर मांडतो, मग मंत्री रुसले तरी बेहत्तर. नको म्हणालात तर नाही. उद्या सकाळी सांगा मला."

देशाच्या कायद्याचा निर्णय त्या माणसाने गडहिंग्लजच्या विमा एजंटावर ढकलला, वर आपण किती मोठ्या मनाचे असा भावही आणला. आण्णा गोंधळून माझ्याकडे बघत राहिले.

मी तडक व्हरांड्यात गेलो. रेवतीताई चहा पीत होत्या.

"चेक दिलात का मालूताईंना?" मी विचारलं.

"तयार आहे. एक सही राहिलीय. अधिवेशन आटोपलं की होईल. मोठी माणसं सध्या सगळी इथंच आहेत ना."

"आणि साहेबांनी दुरुस्ती मांडली तर?"

त्यांनी कप खाली ठेवला. "दिगंबर, ही खास बाब आहे. कंपनीवर बंधन नाही, कंपनीची इच्छा. उद्या कायदाच बदलला, तर कंपन्या म्हणतील, आता सगळं कायद्याप्रमाणे होऊ दे. खास बाब कशाला? मी काही अट घालत नाही हो. माणसं कशी वागतात ते सांगतेय."

"याला धमकी म्हणतात."

"मी काकांना विमानतळावरच हे सगळं सांगितलंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "लपवून ठेवायला मला आवडत नाही. आणि एक विचारू? तुमची दुरुस्ती झाली, तर ती पुढच्या पॉलिसींना लागू होईल. मालूताईंना तिचा काय उपयोग?"

काहीच नाही. मसुदा माझाच होता, मला ते माहीत होतं. या बाईशी भांडायला गेलं की ती आपल्याच हातातलं खरं काढून आपल्याला दाखवायची, याचीच मला जास्त चीड येई.

संध्याकाळी आण्णांना मी माझ्या खोलीवर नेलं. संघटनेने त्यांच्यासाठी हॉटेल घेतलं होतं, तिथं ते गेले नाहीत. मी खिचडी टाकली. आण्णा गादीवर मांडी घालून बसले होते.

"मला अडाणी समजू नकोस," ते म्हणाले. "त्या बाईचं म्हणणं मला कळलंय."

"मग तरी आलात?"

"कळलं ते विमानातून उतरल्यावर. आधी कळलं असतं तरी आलो असतो."

"आण्णा, तुम्हीच म्हणायचा ना, दर गावात एखादा बाळकू असतो. त्या सगळ्यांच्या बायकांचं काय?"

"त्यांना मी ओळखत नाही, दिगू."

हे ते अगदी सहज म्हणाले. मग गादीची सुरकुती सरळ करत पुढं बोलू लागले.

"बाळकू गेल्यापासून मी नाईकांच्या गल्लीतून सायकल काढत नाही. लांबून, ओढ्याकडून जातो. कधी क्लेमच्या कामाला जावंच लागलं, तर मालू चहा टाकते. साखर उसनी आणून टाकते. एकदा तरी तिनं म्हणावं, की आण्णा, तुम्ही 'नाही' लिहिलंत म्हणून माझा संसार बुडाला. शिव्या द्याव्यात. ती म्हणत नाही. 'तुमी तरी काय करणार,' म्हणते. ते ऐकून घेणं फार वाईट रे."

"चूक तुमची नव्हती."

"लेखणी माझी होती की."

खिचडी खाली लागल्याचा वास आला. मी उठून गॅस बंद केला. आण्णांनी पाठीमागून विचारलं, "कायदा झाला तर मालूला मिळतील पैसे?"

"नाही."

"साहेब मांडतील आणि ते पास होईलच, हे तू छातीवर हात ठेवून सांगशील?"

"होईल असं वाटतं."

"वाटतं," ते म्हणाले. लागलेली खिचडी त्यांनी निमूटपणे खाल्ली, मी ताट तसंच सारलं. मला त्यांच्यावर रागावता येत नव्हतं आणि त्यांना बरोबर म्हणता येत नव्हतं. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने काय केलं असतं, ते मला अजूनही सांगता येणार नाही.

सकाळी आण्णा साहेबांच्या खोलीत एकटेच गेले. मला साहेबांनी हाताने बाहेर थांबायची खूण केली. आण्णा लगेच बाहेर आले. मी विचारलं, "काय सांगितलंत?" त्यांनी नुसती मान हलवली. होकाराची की नकाराची, ते कळेना.

दुपारी मी त्यांना घेऊन लोकसभेच्या प्रेक्षक कक्षात बसलो. तिथं बोलायचं नसतं, पायावर पाय टाकायचा नसतो, टाळी वाजवायची नसते. आण्णा शाळेतल्या बाकावर बसावं तसे हात मांडीवर ठेवून बसले. खाली साहेब आपल्या जागेवर होते. मी लिहिलेले दोन कागद त्यांच्यापुढे होते. ते बघून मला उगाच आशा वाटली.

चर्चा संपली, मंत्र्यांचं उत्तर झालं. अध्यक्षांच्या आसनावरचे गृहस्थ एकेक कलम वाचून पुढे सरकू लागले. मग नाव आलं.

"श्री. भिंताडे, आपण आपली दुरुस्ती मांडता का?"

साहेब उठले. त्यांनी एकदा वर, आमच्या दिशेने बघितलं. मग आमच्याकडच्या हिंदीत म्हणाले, ज्या भगिनीची व्यथा मी या सभागृहात सांगितली होती, तिला न्याय मिळाला आहे. कंपन्यांनाही मन असतं, हे दिसून आलं. वसंतराव तोडकर नावाच्या माझ्या मतदारसंघातल्या विमा एजंटाने त्यासाठी जी धडपड केली, तिला मी वंदन करतो. माननीय मंत्र्यांवर माझा पूर्ण विश्वास आहे.

"म्हणजे मांडता की नाही?"

"मांडत नाही, महोदय."

बाकं वाजली. मंत्र्यांनी वळून साहेबांना हात जोडले. अध्यक्षांनी कलम मताला टाकलं, सगळे एका सुरात "हो" म्हणाले आणि ते पुढच्या कलमावर गेले.

आपलं नाव लोकसभेत घेतलं गेलं, हे आण्णांना कळलं होतं. त्यांचा चेहरा मात्र पडला होता.

"झालं?" त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं.

"झालं."

"एवढ्यात?"

कक्षातल्या माणसाने बोटाने गप्प राहायची खूण केली. आण्णा पुन्हा हात मांडीवर ठेवून बसले, आणि सभागृह उठेपर्यंत तसेच बसून राहिले. मी चला म्हटलं तरी उठले नाहीत.

रेवतीताई शब्दाला पक्क्या निघाल्या. अधिवेशन संपलं आणि चेक आला. कंपनीने गावात छोटा समारंभ केला, फोटो पेपरात छापून आणला. मालूताईंनी पत्र्याची दोन खोल्यांची जागा घेतली, थोरलीला नर्सिंगला घातलं. आण्णा नाईकांच्या गल्लीतून सायकल नेऊ लागले. तेवढ्यापुरतं मलाही वाटलं, जाऊ दे, एका घराचं तरी भलं झालं.

पण लोकांनी पेपर वाचला होता. विम्याच्या आण्णांनी दिल्लीला जाऊन क्लेम काढून आणला, हे पार चंदगड-आजऱ्यापर्यंत पोचलं. फेटाळलेल्या क्लेमचे कागद घेऊन माणसं सोप्यात येऊन बसू लागली. कुणाचा साखरेचा आजार, कुणाचा जुना टीबी, कुणाचा लहानपणीचा फेफऱ्याचा त्रास. आण्णा रेवतीताईंना फोन करत. त्या अगत्याने बोलत, बघते म्हणत. पुढं फोन त्यांचा सहाय्यक उचलू लागला. त्यानंतर कळलं की त्या आता औषध कंपन्यांच्या संघटनेत मोठ्या पदावर गेल्यात. साहेब पुढची निवडणूक हरले आणि मी गावी परत आलो. आण्णांनी नव्या पॉलिसी घेणं सोडून दिलं होतं. विचारलं की म्हणत, हात थरथरतो, लिहवत नाही. पण किराण्याची यादी ते स्वच्छ अक्षरात लिहायचे.

एका सकाळी मी आणि आण्णा सोप्यात बसलो होतो. मालूताई आल्या. त्यांच्याबरोबर एक तरणी बाई होती. कपाळ मोकळं, हातात प्लास्टिकची पिशवी.

"ही माझी भाची, पारू. हलकर्णीला दिली हुती," मालूताई म्हणाल्या. "मालक गेला हिचा, दिवाळीच्या आधी. पॉलिसी गेल्या सालचीच, डागदरानं तपासलं बी न्हवतं, आनि आता कंपनी म्हनती, पोटाचं दुखनं लपवलं. आण्णा, तुमी माझं केलंसा, तसं हिचं करा. मी सांगितलंय हिला, आमचं आण्णा हायती, घाबरू नगं."

पारूने पिशवी पुढं केली. आण्णांनी ती घेतली नाही.

"बस, मालू," ते म्हणाले.

"बसत न्हाई. एसटी हाय परतीची."

"हिचं होणार नाही, मालू."

"का? माझं झालं की."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांनी तो हळूच बाजूला केला.

"तुझं झालं, म्हणूनच हिचं होणार नाही," ते म्हणाले, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. दुरुस्ती काय होती, ती बाई काय म्हणाली, साहेबांनी काय विचारलं, आपण सकाळी त्यांच्या खोलीत जाऊन काय सांगितलं. "मी म्हणालो, नका मांडू, साहेब. मालूला मिळू दे." इतक्या वर्षांत हे त्यांनी मलासुद्धा सांगितलं नव्हतं.

पारूला त्यातलं फारसं कळलं नसावं. ती पिशवी तशीच धरून उभी होती. मालूताईंना मात्र सगळं कळलं. त्यांनी एकदा भाचीकडे बघितलं, मग आण्णांकडे. मला वाटलं, आता तरी त्या शिव्या देतील. आण्णाही त्याचीच वाट बघत असावेत.

"मला का न्हाई इचारलंसा?" मालूताई म्हणाल्या.

आण्णांनी मान वर केली.

"मी व्हय म्हटलं असतं का नगं म्हटलं असतं, ते मला बी ठावं न्हाई. पोरी लहान हुत्या, व्हयच म्हटलं असतं म्हना. पर माझ्या नावानं समदं चाललं हुतं न्हवं? साहेबानं तुमास्नी इचारलं. त्या बाईनं तुमास्नी सांगितलं. मी हितंच हुतो की, मागच्या गल्लीत."

मग त्यांनी पारूच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली, आणि तिला म्हणाल्या, "चल गं. एसटी चुकंल."